राजधानी गेली, बाजार राहिला : उज्जैनच्या पोटापाण्याचा इतिहास

पुण्या-नाशिकचे पाहुणे इंदूरकडून बसने आले की मी त्यांना घ्यायला नानाखेड्याच्या स्टँडवर जातो. घर जवळच आहे. रिक्षात बसेपर्यंत प्रत्येकाचा एक प्रश्न ठरलेला असतो. "उज्जैनचा राजा महाकाळ, म्हणून दुसऱ्या राजाने इथे रात्री राहायचं नाही. शिंदे त्यामुळेच ग्वाल्हेरला गेले ना?"

पूर्वी मी "हो, असं म्हणतात" म्हणून सोडून देत असे. मी पेशाने सिव्हिल इंजिनीअर. तीस वर्षं रस्ते आणि पाण्याच्या लायनी यांत गेली. इतिहास शाळेत नावडता होता, तो पन्नाशीच्या आसपास डोक्यात शिरला. पण एकदा सवय लागली की माणूस "म्हणतात" वर थांबत नाही. रस्ता इथून का गेला, तिथून का नाही, याला कारण असतं. तसंच राजधानी हलायलाही असणार.

हा लेख त्या कारणाबद्दल आहे, आणि त्याहून जास्त पुढच्या प्रश्नाबद्दल. राजधानी गेल्यावर शहरं सहसा ओस पडतात. उज्जैन का नाही पडलं? इथल्या लोकांनी पोट कशावर भरलं?

दोन हजार वर्षांपूर्वीची 'माजी' राजधानी

अवंती महाजनपदाची राजधानी, अशोक राजपुत्र असताना इथे मौर्यांचा प्रतिनिधी म्हणून होता, हे आपण सगळे जाणतो. मला जास्त महत्त्वाची वाटते ती इसवी सनाच्या पहिल्या शतकातली एक ग्रीक नोंद. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' हे एका व्यापाऱ्याने लिहिलेलं समुद्री प्रवासाचं टिपण आहे. त्यात उज्जैनचं नाव 'ओझेनी' असं येतं, आणि हे गाव *पूर्वी* राजधानी होतं, असं तो लिहितो. म्हणजे त्या काळीच उज्जैन माजी राजधानी झालं होतं! पण लगेच पुढे तो सांगतो की इथून अकीक, मलमल आणि साधं कापड भडोच बंदराला उतरतं.

नकाशा उघडून बघा. उज्जैन माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटरवर. भोवती काळी जमीन. नैऋत्येला उतरलं की गुजरात आणि भडोच, दक्षिणेला नर्मदा ओलांडून खानदेश, उत्तरेला आग्रा-दिल्ली. या रस्त्यांना गाठ मारायची तर ती इथेच कुठेतरी बसणार. ज्योतिषाच्या सिद्धांतग्रंथांनी आपली मध्यरेषा उज्जैनवरून नेली. व्यापाऱ्यांनी नकळत तेच केलं, असं मला वाटतं.

रामचंद्रबाबांचं शहर

मराठे इथे आले ते सहज नाही. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अंमझेऱ्याला चिमाजीअप्पांनी सुभेदार गिरधरबहादुराचा पराभव केला, तो लढाईत पडला. त्यानंतर चिमाजीअप्पांनी उज्जैनला वेढा घातला, पण शहर मिळालं नाही, वेढा उठवावा लागला. १७३२ च्या वाटणीत होळकर, शिंदे आणि पवार यांचे माळव्यातले हिस्से ठरले, आणि उज्जैन राणोजी शिंद्यांकडे आलं. बादशहाकडून माळव्याची रीतसर सनद मिळाली ती १७४१ साली. म्हणजे कब्जा आधी, कागद नंतर.

राणोजी साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे. त्यांचा मुक्काम मोहिमेवर. शहर उभं केलं ते त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. आजचं महाकाळ मंदिर त्यांनी बांधवलं. सिंहस्थाचा मेळा राज्याच्या बंदोबस्तात भरू लागला तोही याच काळात, अशी परंपरा आहे. माझ्या नजरेने पाहाल तर देवळाचा जीर्णोद्धार ही नुसती धर्माची गोष्ट नव्हती. देऊळ उभं राहिलं की घाट लागतो, घाटाला धर्मशाळा, धर्मशाळेला वाणी, वाण्याला सावकार. देशावरून आलेले भिक्षुक, कारकून, शिलेदार इथे घरं करून राहिले ते या साखळीवर. आमच्यासारख्यांची घरं त्यातलीच. घरात मराठी, दारात माळवी.

आणि हे शहर एकट्या मराठ्यांचं कधीच नव्हतं. त्याच अठराव्या शतकात दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंचं वास्तव्य उज्जैनला होतं, त्यांचा रोजा इथे आहे. बोहऱ्यांची पेढी, मारवाडी आणि जैनांची सावकारी, भैरवगडच्या छिप्यांची ठशांची छपाई हे सगळं मराठी दरबाराच्या शेजारी नांदत होतं. सवाई जयसिंगाची वेधशाळाही याच शतकाच्या पूर्वार्धातली.

१७९२ साली विल्यम हंटर नावाचा इंग्रज डॉक्टर इथे येऊन गेला. त्याचा वृत्तांत छापलेला आहे. मुख्य बाजाराचा रस्ता रुंद, सरळ, दगडी फरसबंदीचा. घरं दुमजली, खाली दुकान, वर बिऱ्हाड. दुकानात शिरायला पाचसहा पायऱ्या. (जुन्या शहरात गेलात तर दुकानांचे उंच जोते आजही बघा.) सुरतेहून विलायती आणि चिनी माल येतो, बुंदेलखंडातले हिरे याच वाटेने सुरतेला जातात, हे त्या काळचं वर्णन आहे. आणि शिंद्यांच्या वाड्याबद्दल हंटर म्हणतो की वाडा ऐसपैस आहे, पण भपका काही नाही.

हा वाडा शहरात होता, हे लक्षात ठेवा.

तंबूंची राजधानी

आता पाहुण्यांचा प्रश्न. शिंद्यांचं मुख्य ठाणं सत्तरपंचाहत्तर वर्षं उज्जैनला होतं. रात्री न राहण्याचा दंडक पाळायचा तर कोणी शहराच्या मध्यावर वाडा कशाला बांधील? काही जण सांगतात की ते कालियादेह महालात राहायचे, शहराबाहेर. पण कालियादेह मूळ मांडूच्या सुलतानांचा, आणि शिंद्यांनी, म्हणजे माधवराव महाराजांनी, तो दुरुस्त करून घेतला तो १९२० च्या सुमारास. अठराव्या शतकाचा पुरावा म्हणून तो चालणार नाही.

खरी गोष्ट अशी की महादजींची राजधानी कुठल्याच वाड्यात नव्हती. ती छावणीत होती. मथुरा, दिल्ली, राजपुताना, आणि शेवट पुण्याजवळ वानवडीला, १२ फेब्रुवारी १७९४. धनी जिथे, तिथे दरबार. उज्जैन त्यांची पिछाडी होती, म्हणजे खजिना, धान्य, सावकार.

पिछाडी मध्यावर असावी लागते. १७८२ च्या सालबाईच्या तहाच्या सुमारास भडोच महादजींकडे आलं. तेव्हा शिंद्यांचा पसारा एकीकडे भडोचपर्यंत, पुढे दक्षिणेत अहमदनगरपर्यंत, उत्तरेला दिल्ली-आग्रा. मधोमध उज्जैन. आम्ही इंजिनीअर याला गुरुत्वमध्य म्हणतो.

मग दोन धक्के बसले. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणींचा फडशा पाडला. शहराला झळ बसली. ऑक्टोबरमध्ये शिंद्यांकडून सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटून त्याचा वचपा काढला. उज्जैन आणि इंदूर, मध्ये जेमतेम ५५ किलोमीटर, दोन्ही मराठ्यांची, आणि एका पावसाळ्यात दोघांनी एकमेकांना धुवून काढलं. आपण अटकेपार झेंड्यांचं बोलतो, हे बोलत नाही. बोललं पाहिजे.

दुसरा धक्का ३० डिसेंबर १८०३ चा, सुर्जी-अंजनगावचा तह. दोआब गेला, दिल्ली-आग्रा गेलं, भडोच गेलं, अहमदनगर गेलं. दोन्ही टोकं तुटल्यावर मध्य जागेवर कसा राहील? १८०५ च्या तहात ग्वाल्हेरचा किल्ला मात्र परत मिळाला. राज्याचं सगळ्यात भक्कम ठिकाण आता तेच. १८१० मध्ये दौलतरावांची छावणी ग्वाल्हेरच्या पायथ्याशी पडली ती उठलीच नाही. त्या छावणीचं शहर झालं, आणि त्याचं नाव आजही 'लष्कर' आहे. नावातच उत्तर आहे. महाकाळाने कोणाला घालवलं नाही. तंबू शेवटी जिथे ठोकले, तिथे राजधानी झाली.

काळी जमीन, काळा माल

दरबार गेला, सावकार गेले नाहीत. याचं कारण अफू.

माळव्याच्या काळ्या जमिनीत हिवाळ्यात खसखस येते. बोंडाला चिरा द्यायच्या, रात्रभर चीक झिरपतो, सकाळी खरवडायचा. तो अळशीच्या तेलात ठेवायचा म्हणजे वाळत नाही. सावकार शेतकऱ्याला बी-बियाण्याआधीच पैसे देऊन बसलेला, त्यामुळे चीक त्याच्याच घरी. गोटे करून, वाळवून, पेट्यांत भरून माल मुंबईला किंवा पोर्तुगिजांच्या दमणला, आणि तिथून चीनला.

कंपनी सरकारला बंगालच्या अफूचा मक्ता सांभाळायचा होता. त्यांनी आधी माळव्याचा माल स्वतः विकत घेऊन पाहिला, संस्थानांशी करार करून पाहिले. व्यापारी मारवाड-सिंधच्या वाटेने उंटावर माल काढायचे, कराचीहून दमणला. शेवटी कंपनीने नाद सोडला आणि १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला पेटीमागे शुल्क घेऊन मुंबईचा रस्ता मोकळा केला. १८४३ मध्ये सिंध घेतल्यावर चोरवाट बंद झाली, तसं शुल्क वाढत गेलं. पुढे या मालाची वजनं घेऊन पास देणारे काटे ज्या गावांत होते, त्यांत उज्जैनही होतं.

मुंबईतल्या कितीतरी दानशूर घराण्यांची पहिली कमाई या मालाची आहे. उज्जैनच्या जुन्या हवेल्यांची, घाटांची, काही देवळांचीसुद्धा. आम्हाला हे सांगायला संकोच वाटतो. दौलतरावांच्या पत्नी बायजाबाईंनी बांधलेल्या गोपाळ मंदिरापुढे आज ज्या बाजारात तुम्ही कुंकू घेता, त्याच्या आसपासच्या पेढ्यांवर चीनच्या भावाचा सट्टा चालत असे. कँटनला भाव पडला की इथे दिवाळं. जगाशी जोडलेलं शहर म्हणजे काय, ते आमच्या पणजोबांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

चीनची अफू १९०७ च्या करारानंतर घटत जाऊन १९१३ च्या सुमारास बंद झाली.

रूळ, भोंगा आणि शांतता

तोवर दुसरं साधन आलं होतं. फतेहाबादवरून मीटरगेजचा फाटा उज्जैनला आला, आणि १८९६ मध्ये भोपाळची लाइन. रूळ आले तसे कापसाचे जिन आणि प्रेस आले, मग कापडगिरण्या आल्या. नजरअली मिल, विनोद मिल, हिरा मिल ही नावं आमच्या वाडवडलांच्या तोंडी देवळांच्या नावांइतकीच असत. अफूच्या पेढ्यांचा पैसा सुताकडे वळला.

मराठी माणूस या गिरण्यांत मालक नव्हता. तो हिशेबनीस, मास्तर, डॉक्टर, वकील. पण शहराला त्याने आणखी काही दिलं. वेधशाळा माधवराव महाराजांनी १९२३ मध्ये दुरुस्त करून घेतली, आणि पुढे गोविंद सदाशिव आपट्यांनी ती वापरात ठेवली. हिंदीतले मोठे कवी गजानन माधव मुक्तिबोध घरी मराठी बोलणारे, त्यांचं शिक्षण इथलं. आणि भीमबेटक्याच्या चित्रगुहा १९५७ साली जगापुढे आणणारे विष्णू श्रीधर वाकणकर उज्जैनचे. त्याच वर्षी इथे विक्रम विद्यापीठ सुरू झालं.

लहानपणी आमचं घड्याळ गिरणीच्या भोंग्यावर लागायचं. १९९० च्या दशकात तो थांबला. विनोद मिलच्या कामगारांची देणी कोर्टात वर्षानुवर्षं लोंबकळली, कित्येक जण निकालाआधी गेले. शेतात कापूस हटून सोयाबीन आलं, मंडी चालू राहिली, पण कुशल कामगारांचा एक मोठा वर्ग या शहरातून जसा पुसला गेला.

नानाखेड्यावरून

नानाखेड्याच्या नावात कोणी मराठी नाना शोधू नये. माळवीत नाना म्हणजे लहान. लहानसं खेडं, इतकाच अर्थ मला दिसतो. आज तिथे स्टँड आहे, स्टेडियम आहे, आणि ज्या काळ्या जमिनीने हे शहर दोन हजार वर्षं पोसलं, तिच्यावर हॉटेलं उभी राहताहेत. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती ५,१५,२१५ होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक झालं, तेव्हापासून गर्दीला हंगाम उरलेला नाही. पुढचा सिंहस्थ २०२८ चा. क्षिप्रेला तेवढं पाणी नाही, म्हणून २०१४ पासून नर्मदेचं पाणी पंपांनी चढवून तिच्यात सोडतात. पाण्याच्या लायनी टाकलेला माणूस म्हणून मला त्याचं कौतुकही आहे आणि काळजीही.

यात्रा उज्जैनला नवीन नाही, आणि तिच्यावर माझा राग नाही. रामचंद्रबाबांनीच ती मांडली. पण त्या काळी यात्रेच्या जोडीला कापड होतं, हिरे होते, सावकारी होती, पुढे अफू आणि सूत आलं. एक बुडालं तर दुसरं तारायचं. राजधानी गेल्याचा धक्का शहराने पचवला तो यामुळे. आज जोडीला काय आहे, हा प्रश्न मी विचारला की लोक म्हणतात, महाकाळ आहे ना! आहेच. पण रामचंद्रबाबाही त्याचेच भक्त होते, आणि त्यांनी बाजारही बांधला.

शेवटी एक विनंती. चार वर्षांपूर्वी जुन्या शहरात एक वाडा उतरवत होते. मी पोचलो तेव्हा मोडीतली रुमालं बांधलेली दप्तरं रद्दीच्या काट्यावर होती. सतरा किलो भरली. मी रद्दीच्या भावाने घेतली. मंडळातल्या दोघांनी आणि मी मोडी शिकून त्यांतली निम्मी वाचली आहेत. बहुतेक पानं हुंडी, व्याज, धान्याचे भाव, कोणाच्या बैलजोडीचं देणं. लढाई एकही नाही. या शहराचा इतिहास असा आहे, आणि तो किलोवर विकला जातोय. तुमच्या माळ्यावर असं काही असेल तर टाकू नका. आम्हाला बोलवा. कागद तुमच्याच घरी राहतील, आम्ही फक्त फोटो काढू.