चकती-पुनःप्राप्ती, संगणकीय
चकती-पुनःप्राप्ती, संगणकीय : हार्ड डिस्क या नावाने सर्वपरिचित असलेल्या चुंबकीय चकतीत बिघाड होऊन संगणक सुरू होईनासा झाला असता, तिच्यावरील माहिती परत मिळविण्याच्या व संगणक पुन्हा कार्यान्वित करण्याच्या पद्धतींना ही संज्ञा लावतात. या व्याख्येत दोन उद्दिष्टे एकत्र आली आहेत : यंत्र चालू करणे आणि माहिती वाचविणे. वरवर पाहता ती एकच वाटतात. तथापि यंत्र चालू करण्यासाठी बहुधा चकतीवर काहीतरी लिहावे लागते, तर माहिती वाचविण्यासाठी तिच्यावर काहीही न लिहिणे आवश्यक असते. या विषयाचा इतिहास म्हणजे मुख्यतः हा भेद क्रमाक्रमाने ध्यानात येण्याचा इतिहास होय.

चकतीचा उदय : पहिली व्यापारी चकती-स्मृती आयबीएम या कंपनीने १९५६ मध्ये रॅमॅक या संगणकाबरोबर उपलब्ध केली. कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथील प्रयोगशाळेत रेनल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली ती तयार झाली. सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० चकत्या एका आसावर मिनिटास १,२०० फेरे या गतीने फिरत आणि त्या सर्वांवर मिळून ५० लक्ष वर्ण मावत. वाचन-लेखन करणारे शीर्ष चकतीला न टेकता हवेच्या पातळ थरावर तरंगत असे. पहिल्या यंत्रात हे अंतर सु. २० मायक्रोमीटर होते. अलीकडील चकत्यांत ते काही नॅनोमीटरांपर्यंत खाली आले आहे. शीर्ष चकतीवर आपटले, तर चुंबकीय लेप खरवडला जातो व त्या जागेवरील नोंद कायमची नष्ट होते.

१९६२ पासून काढ-घाल करता येणारे चकती-संच प्रचारात आले. त्यांच्याबरोबर एक नवा धोकाही आला. संच वाचला जात नाही असे दिसताच तो दुसऱ्या यंत्रात बसवून पाहण्याकडे चालकाची स्वाभाविक प्रवृत्ती असे. परंतु खरवडलेल्या चकतीमुळे त्या यंत्राची शीर्षेही निकामी होत आणि पुढे त्यात बसविलेला चांगला संचही बिघडे. घाईने केलेला पहिला उपाय मूळ बिघाडाहून अधिक हानिकारक ठरू शकतो, हा धडा या क्षेत्रात इतक्या लवकर मिळाला होता. १९७३ मध्ये आयबीएमने आणलेल्या विंचेस्टर रचनेत शीर्षे व चकत्या एकाच बंदिस्त पेटीत ठेवल्या गेल्या. आजच्या हार्ड डिस्कची मूळ रचना हीच होय. बिघाडाचे प्रमाण त्यामुळे घटले. पण पेटी उघडून पाहणे हे सामान्य तंत्रज्ञाच्या हाताबाहेर गेले.

प्रारंभण व त्यातील दुर्बल स्थाने : वीज मिळते त्या क्षणी संगणकाची क्रियाशील स्मृती रिकामी असते. पहिली आज्ञावली वाचण्यासही एखादी आज्ञावली लागते. स्वतःच्या बुटाचे बंद ओढून स्वतःस उचलण्याच्या इंग्रजी वाक्प्रचारावरून या क्रियेस ‘बूट करणे’ हे नाव पडले. वैयक्तिक संगणकात मंडलावरील कायम स्मृतीतील एक छोटी आज्ञावली प्रथम चालते. ती चकतीवरील पहिला खंड वाचते आणि तो खंड पुढे प्रचालन प्रणालीस पाचारण करतो. [→ संगणक].

आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर १९८३ मध्ये चकती देण्यात येऊ लागली, तेव्हा या पहिल्या खंडाचे स्वरूप निश्चित झाले. त्याच्या ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइट आज्ञावलीसाठी, ६४ बाइट चकतीच्या जास्तीत जास्त चार विभागांच्या कोष्टकासाठी व २ बाइट ओळखचिन्हासाठी असतात. या अर्ध्या किलोबाइटात बिघाड झाला, तर उरलेली संपूर्ण चकती सुस्थितीत असूनही संगणक सुरू होत नाही. याच्या पुढची पायरी फाइल-वाटप कोष्टकाची. कोणत्या फाइलचे तुकडे चकतीवर कोठे आहेत, याची नोंद त्यात असते. मायक्रोसॉफ्टमध्ये मार्क मॅक्डोनाल्ड यांनी १९७७ मध्ये त्याची मूळ कल्पना राबविली. पुढील रूपांत या कोष्टकाच्या दोन प्रती ठेवण्यात येत. परंतु त्या चकतीच्या आरंभी शेजारी-शेजारी असत.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. सुरू न होणाऱ्या संगणकातील माहिती बहुधा नष्ट झालेली नसते. तिच्याकडे जाणारी वाट पुसलेली असते. ग्रंथालयाची सूची जळाली, तरी कपाटांतील ग्रंथ जागेवरच असतात, तसाच हा प्रकार होय. मात्र सूची नाही म्हणून कपाटे रिकामी आहेत असे समजून त्यांत नवे ग्रंथ भरू लागल्यास जुने परत मिळत नाहीत.

दुरुस्तीच्या आज्ञावल्या : १९८२ मध्ये पीटर नॉर्टन यांनी पुसलेली फाइल परत आणणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. तत्कालीन प्रणाली फाइल पुसताना तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलून तेथे एक ठराविक चिन्ह लिहीत असे व तिची जागा मोकळी झाल्याची नोंद करीत असे. मजकुरास हात लावीत नसे. नॉर्टन यांची आज्ञावली वापरणाऱ्यास ते पहिले अक्षर विचारी आणि तुकडे पुन्हा जोडून देई. दरम्यान त्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले असल्यास मात्र तिचा इलाज चालत नसे.

युनिक्स प्रणालीसाठी टेड कोवाल्स्की यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ‘एफएससीके’ ही तपासणी-आज्ञावली रचली. अकस्मात वीज गेल्यावर कोष्टकांत राहिलेल्या विसंगती ती शोधते व दूर करते. ज्यांचा पत्ता लागत नाही, अशा फाइली ती ‘हरवले-सापडले’ अशा अर्थाच्या नावाच्या कप्प्यात केवळ क्रमांक देऊन ठेवते. या आज्ञावलीचे उद्दिष्ट कोष्टकांची सुसंगती हे आहे, माहितीचे रक्षण हे नव्हे. सुसंगतीच्या आड येणारी नोंद ती काढून टाकू शकते. मरणपंथास लागलेल्या चकतीवर ती चालविल्यास यंत्र कदाचित सुरू होईल, पण काही फाइली कायमच्या जातील. प्रास्ताविकात सांगितलेला भेद येथे प्रत्यक्ष दिसतो.

विषाणूंचे आघात : प्रारंभखंडावर मुद्दाम हल्ला करणाऱ्या आज्ञावल्या १९८६ नंतर पसरल्या. त्या वर्षी लाहोर येथे निर्माण झालेला ‘ब्रेन’ लवचिक चकतीच्या प्रारंभखंडात वस्ती करी. ‘मायकेलअँजेलो’ हा विषाणू ६ मार्च या दिवशी चकतीचे आरंभीचे खंड पुसून टाकी. १९९२ मध्ये त्याची जगभर धास्ती होती. याहून बोधप्रद उदाहरण ‘सीआयएच’चे होय. हा विषाणू २६ एप्रिल १९९९ रोजी अनेक देशांत कार्यान्वित झाला. त्याने चकतीचा पहिला एक मेगाबाइट भाग शून्यांनी भरला आणि काही संगणकांत मंडलावरील कायम स्मृतीही बिघडविली. जुन्या पद्धतीच्या लहान विभागांत कोष्टकाच्या दोन्ही प्रती या एका मेगाबाइटात येत असल्याने त्या एकदमच गेल्या. नव्या पद्धतीच्या मोठ्या विभागांत मात्र पहिली प्रतच इतकी मोठी असे, की दुसरी प्रत विषाणूच्या टप्प्याबाहेर राही. तिच्या आधारे प्रारंभखंड पुन्हा रचून जवळजवळ सर्व फाइली परत मिळविणे शक्य होते. चकती रिकामी दिसते म्हणून जेथे तिचे नव्याने स्वरूपण केले गेले, तेथे ही वाचलेली दुसरी प्रतही त्या क्रियेतच पुसली गेली.

प्रतिबंधक योजना : प्रत्येक आपत्तीतून काही योजना निघाल्या. बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये त्रुटी शोधून दुरुस्त करणारे संकेत मांडले. पुढे अशाच प्रकारचे अधिक समर्थ संकेत चकतीच्या प्रत्येक खंडात वापरले जाऊ लागले. १९९० पासून रोजकीर्द-पद्धतीच्या फाइल-प्रणाली आल्या. व्यापारी जसा व्यवहार प्रथम कीर्दीत टिपतो व मग खतावणीत चढवितो, तशी ही प्रणाली नियोजित बदल प्रथम वेगळ्या जागी नोंदविते. मध्येच वीज गेली, तर कीर्द पाहून खतावणी पुरी करता येते. आयबीएमची जेएफएस (१९९०), मायक्रोसॉफ्टची एनटीएफएस (१९९३) व लिनक्सची ईएक्सटी३ (२००१) ही तिची उदाहरणे होत. पुढे आलेल्या जीपीटी या विभाग-कोष्टकात एक प्रत चकतीच्या आरंभी व दुसरी अगदी शेवटी ठेवण्याची सोय करण्यात आली. दोन्ही प्रती एकाच आघातात सापडू नयेत, हा त्यामागील हेतू स्पष्ट आहे.

दोन असाधारण उदाहरणे : ‘स्पिरिट’ हे अमेरिकी रोव्हर ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावर उतरले. २१ जानेवारीस त्याचा संपर्क विस्कळीत झाला. त्याचा संगणक सुरू होण्याच्या प्रयत्नात पुन्हा-पुन्हा बंद पडत होता. असे साठांहून अधिक वेळा घडले. त्याची कायम स्मृती चकतीची नसून फ्लॅश प्रकारची होती. तीत फाइली फार साचल्या होत्या व त्यांची सूची क्रियाशील स्मृतीत मावत नव्हती. फ्लॅश स्मृतीकडे न पाहताच सुरू होण्याची आज्ञा पृथ्वीवरून पाठविल्यावर संगणक स्थिर झाला. अभियंत्यांनी बिघाडाचे कारण शोधण्यास आवश्यक ती माहिती आधी मिळविली, फाइली काढल्या आणि त्यानंतरच फेब्रुवारीच्या आरंभी त्या स्मृतीचे नव्याने स्वरूपण केले. रोव्हरशी संपर्क पुढे मार्च २०१० पर्यंत टिकला.

‘कोलंबिया’ हे अंतराळयान १ फेब्रुवारी २००३ रोजी पृथ्वीवर परतताना भंग पावले व सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्यांत कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला होत्या. यानावर झेनॉन वायूच्या श्यानतेविषयी एक प्रयोग झाला होता. त्याची काही निरीक्षणे उड्डाणातच पृथ्वीकडे आली होती; उरलेली एका हार्ड डिस्कवर होती. सु. सहा महिन्यांनी ती टेक्सासमधील एका कोरड्या तळ्याच्या पात्रात सापडली. तिचे इलेक्ट्रॉनीय भाग जळाले होते, पेटीचा सांधा वितळून आत धूळ गेली होती. ऑनट्रॅक या कंपनीच्या तज्ञांनी चकत्या रसायनाने धुऊन नव्या पेटीत बसविल्या आणि ९९ टक्के माहिती वाचली. दोन गोष्टी अनुकूल ठरल्या. चकती निम्मीच भरलेली होती व मजकूर असलेला भाग धुळीने खरवडला गेला नव्हता. शिवाय साध्या डॉस प्रणालीमुळे फाइली विखुरलेल्या नव्हत्या. प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांनी तो यानावर चालविला, त्यांच्या कामाचा एवढा भाग तरी अशा रीतीने टिकून राहिला.

प्रचलित पद्धती : या अनुभवांतून एक निश्चित क्रम रूढ झाला आहे. बिघडलेल्या चकतीवरून संगणक वारंवार सुरू करून पाहू नये. ती खरखर वा टकटक असा आवाज करीत असल्यास वीज ताबडतोब तोडावी आणि पेटी धूळविरहित कक्षाबाहेर उघडू नये. आवाज नसल्यास संगणक दुसऱ्या माध्यमावरून सुरू करावा. २००० मध्ये आलेली, थेट सीडीवरून चालणारी नॉपिक्स ही प्रणाली याचे लोकप्रिय साधन ठरली. मग सर्व खंडांची जशीच्या तशी प्रतिकृती दुसऱ्या चकतीवर घ्यावी. २००४ मध्ये आलेली डीडीरेस्क्यू ही आज्ञावली सहज वाचता येणारे खंड प्रथम उतरवते व हट्टी खंडांकडे नंतर वळते. कारण चकतीचे उरलेले आयुष्य थोडे असते. कोष्टकांची दुरुस्ती मूळ चकतीवर न करता या प्रतिकृतीवरच करावी. सर्व माहिती हाती आल्यावरच मूळ यंत्र चालू करण्याचा विचार करावा.

मर्यादा : ज्या खंडावर नवे लिहिले गेले आहे, त्यावरील जुने आधुनिक चकतीतून परत मिळत नाही. फिरते भाग नसलेल्या घन-अवस्था स्मृतीत पुसलेल्या फाइलची जागा यंत्र स्वतःच लवकर मोकळी करते. म्हणून नॉर्टन यांच्या युक्तीस तेथे फारसा वाव नाही. संपूर्ण चकती सांकेतिक लिपीत ठेवली असल्यास किल्ली हरवणे म्हणजेच माहिती हरवणे होय. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-आज्ञावलीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सु. ८५ लक्ष संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे देण्यात आली. चकत्या शाबूत होत्या आणि एक फाइल काढून टाकणे पुरेसे होते. परंतु अनेक ठिकाणी ती काढण्यापूर्वी सांकेतिक लिपीची किल्ली शोधावी लागली, कारण ती त्याच संगणकांवर अवलंबून असलेल्या व्यवस्थेत ठेवलेली होती. सीआयएचच्या वेळी शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन प्रतींचे जे झाले, तेच येथे किल्लीच्या बाबतीत घडले. पुनःप्राप्तीचे तंत्र कितीही प्रगत झाले, तरी मूळ जागेपासून दूर ठेवलेली व मधूनमधून वाचून पडताळलेली दुसरी प्रत हाच सर्वांत खात्रीचा उपाय होय.