खारी, खंडी आणि मठाचे माप

धान्याचे परिमाण ठरविण्याचे दोन मार्ग आपल्याकडे पूर्वापार चालत आले आहेत. एक तोलण्याचा, दुसरा मापण्याचा. सोने, रुपे, केशर, कापूस या वस्तू तराजूत पडत. परंतु खळ्यावरील ज्वारी, भात, नाचणी यांची रास मात्र मापानेच उचलली जाई. शेतकऱ्याचा वाटा, बलुतेदाराचे बलुते, देवाचा नैवेद्य आणि अतिथीचा शिधा ही सर्व मापाने ठरत. यामुळे जुन्या दानपत्रांत आणि सनदांत धान्याचा उल्लेख येतो तो बहुधा मापाच्या भाषेत. आज ही भाषा मागे पडली आहे. ‘अमुक खंडी भात’ हे शब्द वाचता येतात, पण त्यांतून नेमके किती धान्य अभिप्रेत आहे, हे सांगता येत नाही. पूर्वजांच्या दानधर्माचे मोल जाणावयाचे असेल तर या मापांचा इतिहास जाणणे अगत्याचे आहे.

संस्कृत वाङ्मयात कुडव, प्रस्थ, आढक, द्रोण आणि खारी ही धान्यमापांची मालिका सुप्रसिद्ध आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत खारी व आढक या शब्दांना प्रत्यय कसे लागतात याची स्वतंत्र सूत्रे आहेत. यावरून ही मापे त्या काळी नित्य व्यवहारातील असली पाहिजेत हे उघड होय. जेवढे बी पेरले जाते तेवढ्यावरून शेताला नाव देण्याची रीतही तेथे सांगितली आहे. प्रस्थभर बी लागणारे शेत ते प्रास्थिक, द्रोणभर लागणारे ते द्रौणिक, खारीभर लागणारे ते खारीक. कोकणात व गोमंतकात जमिनीचा विस्तार बियाण्याच्या खंडीवरून सांगण्याची जी चाल होती, तिचे मूळ इतके प्राचीन आहे.

कौटिलीय अर्थशास्त्रात मापांचा विचार राज्यकारभाराच्या दृष्टीने केलेला आढळतो. तेथे एकाच द्रोणाचे चार प्रकार दिले आहेत. राजाच्या कोठारात धान्य घ्यावयाचा द्रोण २०० पळांचा, बाजारातील व्यवहाराचा १८७॥ पळांचा, सेवकांना वाटपाचा १७५ पळांचा आणि अंतःपुरातील वाटपाचा १६२॥ पळांचा. म्हणजे घेताना जो द्रोण मोठा, तोच सेवकांना देताना अष्टमांशाने लहान होई. आठ द्रोण धान्य कोठारात आले की १६०० पळे जमा होत. तेच वाटपाच्या मापाने दिले असता नऊ द्रोण भरून वर २५ पळे उरत. राज्याने हे लपवून ठेवलेले नाही, नियम म्हणून स्पष्ट लिहिले आहे. परंतु नाव एक आणि आकार अनेक, ही मापांच्या इतिहासातील मुख्य अडचण येथेच प्रथम दृष्टीस पडते. मापे वाळलेल्या कठीण लाकडाची असावीत आणि दर चार महिन्यांनी त्यांची तपासणी होऊन त्यांवर मुद्रा उमटवावी, असाही दंडक त्या ग्रंथात आहे.

या गोंधळातून वाट काढण्याचा शास्त्रीय उपाय भास्कराचार्यांनी लीलावतीत दिला. शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० मध्ये रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीचा हा पहिला भाग. त्यांनी मापाचे मूळ लांबीत शोधले. एक हात लांब, एक हात रुंद आणि एक हात खोल अशी जी जागा, तिच्यात मावणारे धान्य ती मागध खारी. खारीचा सोळावा हिस्सा द्रोण, द्रोणाचा चौथा आढक, आढकाचा चौथा प्रस्थ आणि प्रस्थाचा चौथा कुडव. अर्थात एका खारीत १६ द्रोण, ६४ आढक, २५६ प्रस्थ किंवा १०२४ कुडव होतात. ज्याच्याजवळ हाताची प्रमाण काठी आहे, त्याला खारी पडताळून पाहण्यासाठी दुसऱ्याच्या भांड्यावर अवलंबून राहावे लागत नाही, हा या व्याख्येचा मोठा गुण होय.

ही मापे आजच्या लिटरांत आणणे अवघड नाही. हात १८ इंचांचा, म्हणजे ४५.७२ सेंटिमीटरांचा धरला, तर घनहस्त सुमारे ९५.६ लिटरांचा होतो. त्या हिशेबाने द्रोण सुमारे ६ लिटर, आढक दीड लिटर, प्रस्थ ३७३ मिलिलिटर आणि कुडव ९३ मिलिलिटर, म्हणजे साधारण एका पसाएवढा. मात्र येथे एक सावधगिरी हवी. हात १९ इंचांचा धरला तर खारी ११२.४ लिटरांची होते. लांबीत एका इंचाचा फरक, पण धान्यात सतरा टक्क्यांहून अधिक! घनफळात लांबी तीन वेळा गुणली जाते, म्हणून लहानशी चूकही तीन वेळा वाढते.

भास्कराचार्यांनी राशिव्यवहारात याहूनही व्यवहारोपयोगी रीत सांगितली आहे. सपाट भूमीवर धान्याची रास घातली की तिचा परीघ दोरीने मोजावा. जाड दाण्याच्या धान्यात राशीची उंची परिघाच्या दशमांशाएवढी, बारीक धान्यात अकराव्या हिश्शाएवढी आणि कुसळाच्या धान्यात नवमांशाएवढी असते. परिघाच्या षष्ठांशाचा वर्ग करून त्यास उंचीने गुणले की घनहस्त, म्हणजेच खाऱ्या मिळतात. परीघ ६० हात असेल तर षष्ठांश १०, त्याचा वर्ग १००. जाड धान्याची उंची ६ हात, म्हणून रास ६०० खाऱ्यांची. तेवढ्याच परिघाची बारीक धान्याची रास ५४५ पूर्णांक ५/११ खाऱ्यांची आणि कुसळाच्या धान्याची ६६६ पूर्णांक २/३ खाऱ्यांची होते. राशीला माप न लावता केवळ दोरीने तिचा अंदाज घेण्याची ही रीत खळ्यावरील प्रत्यक्ष अनुभवातून आलेली आहे, यात संशय नाही.

याच रीतीने शिगेचा प्रश्नही उलगडतो. माप काठोकाठ भरून वर जो निमुळता ढीग उभा राहतो त्याला मराठीत शीग म्हणतात. संस्कृत शिखा शब्दाचेच हे रूप. माप सपाट घ्यावे की शिगेचे, यावर पूर्वी पुष्कळ वाद होत. समजा, दोन मापे आहेत. एकाच्या तोंडाचा परीघ १८ अंगुळे व खोली १२ अंगुळे; दुसऱ्याचा परीघ ३६ व खोली ३. परिघाच्या वर्गाचा बारावा भाग हे तोंडाचे स्थूल क्षेत्रफळ धरले असता दोन्ही मापे सपाट भरल्यावर ३२४ घनांगुळांचीच होतात. पण शीग लावली की चित्र पालटते. कुसळाच्या धान्याची शीग पहिल्या मापावर १८ घनांगुळे, तर दुसऱ्यावर १४४ घनांगुळे राहते. सपाट मापाने समान असलेली ही भांडी शिगेने ३४२ आणि ४६८ अशी विषम होतात. पसरट मापाने शिगोशीग घेणारा आणि उभट मापाने देणारा मनुष्य, कोणताही खोटा शब्द न बोलता, तिसऱ्या हिश्शाहून अधिक धान्य पदरात पाडून घेऊ शकतो. मापाची शीग किती असावी हे अर्थशास्त्राने चतुर्थांश म्हणून बांधून दिले, त्याचे कारण हेच असले पाहिजे.

माप कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न म्हणूनच मोठा नैतिक प्रश्न होता. या संदर्भात खानदेशातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख फार महत्त्वाचा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचे नातू आणि यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी चांगदेव यांनी आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून पाटण येथे मठ स्थापिला. निकुंभवंशीय सोइदेवाने शके ११२८ मध्ये त्यास दान दिले. लेखाचा आरंभीचा भाग संस्कृतात असून अखेरचा व्यवहाराचा भाग तत्कालीन मराठीत आहे. त्यात बाजारातील गिऱ्हाइकांकडून सुपाऱ्या, तेलाच्या घाण्यांकडून तेल अशी मठाची प्राप्ती नेमून दिली आहे. आणि पुढे सांगितले आहे की, येथे जे मापावयाचे ते मठाच्या मापानेच मापावे, आणि मापणावळीपैकी निम्मी मठाला व निम्मी मापाऱ्याला मिळावी.

या एका कलमात किती अर्थ भरला आहे! ज्या मठात लीलावतीतील खारीची व्याख्या शिकविली जाई, त्याच मठाच्या मापाने बाजारातील धान्य मोजले जाई. विकणारा आणि घेणारा यांपैकी कोणाचेही माप न वापरता तिसऱ्या, विश्वासाच्या ठिकाणचे माप वापरावे, ही त्यातील दृष्टी आहे. मठाला त्यातून प्राप्ती होती हे खरे. परंतु त्या प्राप्तीबरोबर माप खरे राखण्याची जबाबदारीही मठावर येत होती.

पुढील काळात मराठी मुलखात जी कोष्टके रूढ झाली ती अशी. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली, दोन अधोल्यांची एक पायली, बारा पायल्यांचा एक मण आणि वीस मणांची एक खंडी. शेरापर्यंतची सर्व मापे दुपटीने वाढतात. त्यामुळे निरक्षर मनुष्यालाही अर्धे-पाव करणे सुलभ जाई. या कोष्टकाने खंडी ९६० शेरांची होते. जेथे सोळा पायल्यांचा मण असे, तेथे ती १२८० शेरांची होई. मुंबईत मात्र चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा फरा आणि आठ फऱ्यांची खंडी, म्हणजे अवघे ५१२ शेर. गोमंतकात खंडीचे वीस कुडव मानीत. लीलावतीतील कुडव पसाभर, तर गोमंतकातील कुडव खंडीचा विसावा हिस्सा. नाव तेच राहिले आणि वस्तू पार बदलली.

जुन्या कागदातील धान्याचे आजच्या परिमाणात रूपांतर करू इच्छिणाऱ्याने म्हणून तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात. पहिली, कागद कोणत्या प्रांतातील आहे आणि तेथील खंडी किती शेरांची होती. दुसरी, तो शेर मापाचा की वजनाचा. कारण दोहोंना एकच शब्द आहे. वजनाचा मण ४० शेरांचा, तर बारा पायल्यांचा मापी मण ४८ शेरांचा. तिसरी, धान्य कोणते. एक लिटर पाणी एक किलोग्रॅम भरते. पण एक लिटर तांदूळ पाऊण किलोहून थोडा अधिक भरतो आणि तुसासकट भात अर्ध्या किलोहून थोडेसेच अधिक. भाताच्या खंडीला तांदळाची खंडी समजून वजन काढले तर हिशेब साफ चुकतो.

स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या कायद्याने देशभर दशमान परिमाणे स्वीकारली गेली. १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली. ऐंशी तोळ्यांचा शेर ०.९३३१ किलोग्रॅम आणि त्याचा मण ३७.३२४२ किलोग्रॅम असे प्रमाण निश्चित झाले. गावोगावीच्या मापांतील भिन्नता संपली, आणि गरीब ग्राहकाच्या दृष्टीने हा मोठा लाभच झाला. तरीही पायली, मापटे, चिपटे हे शब्द भाषेतून गेले नाहीत. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची चाल शेतकऱ्यांत होती. त्या उच्चारात धान्याविषयीची कृतज्ञता साठविलेली आहे.

देवस्थानांच्या व मठांच्या कोठारांत जुनी पायली किंवा मापटे आढळल्यास ते मोडीत काढू नये. पाण्याने भरून त्याची सपाट धारणा लिटरांत मोजावी, तोंडाचा परीघ व खोली टिपावी आणि ती नोंद त्या स्थानाच्या जुन्या कागदांसोबत ठेवावी. तेवढ्या एका नोंदीने शंभर वर्षांपूर्वीच्या अन्नसंतर्पणात किती मुखे तृप्त झाली असतील याचा प्रामाणिक अंदाज बांधता येईल. ज्यांनी ते धान्य दिले, त्यांची नावे अनेकदा कागदावर उरलेली नाहीत. त्यांनी दिलेले माप तरी यथार्थ कळावे, एवढे ऋण त्यांच्या वंशजांनी मानले पाहिजे.