कोकणी बोलींची तीन सर्वेक्षणे

रत्नागिरीच्या संगमेश्वरी बोलीची सरकारदरबारी पद्धतशीर नोंद झाली ती एका बायबलकथेच्या निमित्ताने. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात दर बोलीतून उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचा अनुवाद मागवला जाई. त्यातला मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात संगमेश्वरी, बाणकोटी, चित्पावनी, कुडाळी या बोली आल्या. गोष्ट सगळीकडे एकच असल्यामुळे विभक्तीची आणि क्रियापदांची रूपे शेजारी ठेवून पडताळता आली. पण नमुने बहुतेक जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांमार्फत लिहून आलेले. अनुवादात बोलणाऱ्याचे स्वतःचे सांगणे कुठून येणार? हेल तर कागदावर उतरलाच नाही.

१९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले. मंडळाने अ. मा. घाटगे यांची बोली-सर्वेक्षणाची ग्रंथमाला काढली. तिच्यातला ‘कुडाळी’ हा भाग १९६५चा. कुडाळ तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली. या मालेत एकेका बोलीला स्वतंत्र पुस्तक मिळाले. ध्वनिव्यवस्था, व्याकरण, उतारे, शब्दसंग्रह असे तिचे पुरे शास्त्र मांडले गेले. ‘अशुद्ध मराठी’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या बोलण्यालाही नियम असतात, हे या कामाने सप्रमाण दाखवले.

तिसऱ्या खेपेस, २०१७च्या सुमारास, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी राज्यभरच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले. अनुवाद सांगण्याऐवजी लहान चित्रफिती दाखवून ‘काय झालं?’ असे विचारायचे, लोकांच्या आठवणी आणि गोष्टी ध्वनिमुद्रित करायच्या, अशी ही रीत. ग्रियर्सनच्या खंडात न उतरलेला हेल आता कानांनी ऐकता येतो.

पहिल्या दोन टप्प्यांत साठ वर्षांचे अंतर, पुढच्या दोहोंत पन्नासांचे. खंड न पडता असे काम चालू ठेवता येते. नेदरलँड्समध्ये १९३० साली अॅमस्टरडॅमला बोलींचे कार्यालय निघाले. गावोगावच्या माहितगारांना प्रश्नावल्या पाठवत ते वाढले आणि आज मेर्टेन्स इन्स्टिट्यूट या नावाने चालू आहे. बोली पिढीगणिक बदलते. तो बदल टिपायचा तर त्याच गावांत, तेच प्रश्न घेऊन, ठरावीक काळाने परत जावे लागते. प्रकल्प संपला की थांबणाऱ्या यंत्रणेला हे जमत नाही. म्हणून रत्नागिरीत बोलींच्या नोंदींचे कायमचे केंद्र हवे, आणि त्याचे अभ्यासक संगमेश्वरी बोलणाऱ्या घरांतूनच यायला हवेत.