अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार

बालपणी सुरू होणारा, लक्ष टिकविणे, हालचाल आवरणे व ऊर्मी रोखणे यांत सतत अडथळा आणणारा मेंदूच्या विकासाशी निगडित विकार. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये लंडन येथील व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले. त्यांनी या वर्तनाचे मूळ वाईट संगोपनात न मानता नैतिक नियंत्रणातील दोषात मानले. अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात १९८० मध्ये अवधान-न्यूनतेवर भर आला व १९८७ मध्ये सध्याचे नाव स्वीकारले गेले.

प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देणे, वर्गात जागेवरून उठणे, वह्या-पेन्सिली वारंवार हरविणे ही लक्षणे होत. निदानासाठी ती बारा वर्षांपूर्वी सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली व घर-शाळा अशा दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात.

जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के आढळतो (→ आनुवंशिकता). संगोपन हे मूळ कारण मानले जात नाही. तथापि कठोर वा विसंगत शिस्तीने वर्तनसमस्या वाढू शकतात (→ बालसंगोपन). उपचारांत औषधे, शालेय साहाय्य व पालक-प्रशिक्षण यांचा समावेश होतो. सहा वर्षांखालील मुलांसाठी पालक-प्रशिक्षण हा पहिला उपाय आहे.