यंत्राआधी आलेला प्रोग्रॅम

क्वांटम संगणकासाठी काम करणारे वरिष्ठ सॉफ्टवेअर अभियंते दिवसभर नेमके काय करतात, असे एखाद्या बारावीच्या विद्यार्थ्याने विचारले, तर उत्तरासाठी १९९४ सालात जावे लागेल. तेव्हा वापरता येईल असा क्वांटम संगणक जगात कुठेच नव्हता. त्याच्यासाठीचा प्रोग्रॅम मात्र तयार झाला होता.

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतले गणितज्ञ पीटर शोर यांनी तो मांडला. मोठ्या संख्येचे मूळ अवयव पाडणे हे त्याचे काम. गुणाकार करणे सोपे, अवयव पाडणे महाकठीण; याच अडचणीच्या भरवशावर आरएसए ही १९७७ सालची गुप्तलेखनाची पद्धत उभी आहे. त्याच १९९४ मध्ये एका १२९ अंकी संख्येचे अवयव सापडले खरे, पण त्यासाठी सुमारे ६०० स्वयंसेवकांचे संगणक कित्येक महिने राबत होते.

शोर यांच्या युक्तीचा गाभा फळ्यावर दाखवता येतो. १५ ही संख्या घ्या. ७ चे घात करत जा आणि प्रत्येकाला १५ ने भागून बाकी लिहा: ७, ४, १३, १, पुन्हा ७, ४, १३, १. दर चार पायऱ्यांनी त्याच बाक्या येतात. चारचे निम्मे दोन, म्हणून ७ चा वर्ग घ्या: ४९. त्याच्या अलीकडे ४८, पलीकडे ५०. १५ आणि ४८ यांचा मसावि ३, १५ आणि ५० यांचा ५. झाले अवयव! (७ ऐवजी दुसरा आकडा घेतला तर कधी कधी फसगत होते, मग आणखी एक घेऊन पाहायचा.) संख्या शेकडो अंकी असली की आवर्तनाची ही लांबी शोधणे साध्या संगणकाच्या आवाक्याबाहेर जाते. तेवढेच काम क्वांटम संगणकाकडे सोपवायचे.

क्वांटम संगणक ‘सगळी उत्तरे एकदम तपासतो’ असे वर्तमानपत्रांत छापून येते, ते मला पटत नाही. शेवटी मोजमाप केले की हाती एकच उत्तर पडते. पाण्यावरच्या लाटांप्रमाणे नको त्या शक्यता एकमेकींना खोडतील आणि हव्या त्या बळावतील अशी मांडणी करावी लागते. असे जमणारी गणिते फार थोडी आहेत.

शोर यांच्या प्रोग्रॅमवर आक्षेप आले ते मात्र गणितावर नव्हते. क्युबिट विलक्षण नाजूक असतो. थोडी उष्णता, एखादा भरकटलेला फोटॉन, की त्याची अवस्था बिघडली. १९९६ मध्ये सर्ज आरोश आणि झाँ-मिशेल रेमों यांनी हे स्वप्न आहे की दुःस्वप्न, असा प्रश्न लेखाच्या शीर्षकातच विचारला. ही काही काठावर बसणाऱ्यांची टीका नव्हती. एकेकटे अणू आणि फोटॉन हाताळण्याच्या प्रयोगांसाठी आरोश यांना पुढे २०१२ चे नोबेल मिळाले.

साध्या संगणकात यावर उपाय आहे: तोच बिट तीनदा लिहायचा आणि बहुमत घ्यायचे. क्युबिटच्या बाबतीत दोन्ही वाटा बंद. अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे १९८२ मध्येच सिद्ध झाले होते. आणि ‘बघून’ बहुमत घ्यावे, तर बघण्यानेच अवस्था मोडते. यातून १९९५ मध्ये वाट काढली ती पुन्हा शोर यांनीच.

वर्गात करून पाहा. तीन मुलांना एकसारखी कार्डे द्या, तिन्ही ० ची किंवा तिन्ही १ ची. एकाने गुपचूप आपले कार्ड बदलावे. आता चौथ्या मुलाने कार्डे पाहून तुमच्या दोनच प्रश्नांना उत्तरे द्यावीत: पहिले आणि दुसरे सारखे आहे का? दुसरे आणि तिसरे सारखे आहे का? ‘नाही, होय’ आले तर पहिल्याने बदलले. ‘नाही, नाही’ तर दुसऱ्याने. ‘होय, नाही’ तर तिसऱ्याने. चूक कुठे आहे ते कळले, पण मूळ कार्ड ० होते की १, हे तुम्हाला अजूनही माहीत नाही! शोर यांनी प्रत न काढता एका क्युबिटची माहिती नऊ क्युबिटांत मिळून साठवली आणि असे तुलनेचेच प्रश्न विचारले. क्युबिटमध्ये चुका दोन प्रकारच्या होतात, म्हणून तीन त्रिक नऊ.

यंत्र सावकाश मागून आले. २००१ मध्ये आयबीएमच्या आल्मडेन प्रयोगशाळेत सात क्युबिटांनी फळ्यावरच्या याच १५ चे अवयव पाडले. क्युबिट वाढवले की चुकांच्या जागाही वाढतात, त्यामुळे मूळ क्युबिट पुरेसे चांगले असल्याशिवाय दुरुस्तीचा फायदा होत नाही. गूगलने डिसेंबर २०२४ मध्ये दाखवलेल्या ‘विलो’ चिपमध्ये ३×३ वरून ५×५ आणि मग ७×७ अशी जाळी वाढवली, तेव्हा प्रत्येक पायरीला चूक निम्म्याहून कमी झाली.

सॉफ्टवेअर अभियंत्याचे काम इथे येते. अशा चिपमध्ये साधारण दर मायक्रोसेकंदाला ‘सारखे आहे का?’ या प्रश्नांची उत्तरे बाहेर पडतात. कोणती चूक झाली असेल, हे एका साध्या संगणकाने तेवढ्याच वेगाने ओळखायचे. मागे पडला तर उत्तरांचा ढीग साचत जातो. तो ओळखणारा प्रोग्रॅम लिहिणे हे एक काम. दुसरे काम काटकसरीचे. २०४८ बिटांची आरएसए फोडायला दोन कोटी क्युबिट आणि आठ तास लागतील, असा हिशेब क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरो यांनी २०१९ मध्ये मांडला. २०२५ मध्ये गिडनी यांनी तो दहा लाखांच्या आत आणला. वेळ मात्र आठवड्याच्या आत, म्हणजे आधीपेक्षा जास्त. क्युबिटांच्या दर्जाबद्दलची गृहीतके दोन्ही वेळा जवळपास तीच होती, सुधारला तो प्रोग्रॅम. असल्या हिशेबांची दखल घेऊन अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्येच नव्या गुप्तलेखनाची मानके जाहीर केली होती. ज्याच्या धास्तीने हे झाले, तो शोर यांचा प्रोग्रॅम एवढ्या मोठ्या संख्येवर अजून एकदाही चाललेला नाही.

त्याच महिन्यात आपल्याकडेही सहा क्युबिटांच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाली. चिप मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, नियंत्रणाची यंत्रणा डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेची आणि दुरून प्रोग्रॅम पाठवण्याची सोय टीसीएसची. शोर यांच्या दुरुस्तीला नऊ क्युबिट लागतात.