रोमन स्त्रीच्या शृंगाराचें मोल

इ. स. ७७ च्या सुमारास थोरल्या प्लिनीनें आपला सृष्टिविषयक प्रचंड ग्रंथ टायटसला अर्पण केला. त्यांत तो एके ठिकाणीं जमाखर्च मांडून बसला आहे. हिंदुस्थान, चीन व अरबस्तान हे तीन देश मिळून रोमन साम्राज्यांतून दरसाल निदान दहा कोटी सेस्टर्स ओढून नेतात, असा त्याचा हिशेब. आणि एवढी रक्कम जाते ती चैनीपायीं व बायकांपायीं, अशी त्याची तक्रार. एकट्या हिंदुस्थानच्या नांवें त्यानें पांच कोटी लिहिले आहेत.

या तक्रारीला आधार नव्हता असें नाहीं. श्रीमंत रोमन गृहिणीचा दिवस आरशासमोर उगवे. तापविलेल्या लोखंडी नळीनें केस कुरळे करावयाचे, चेहऱ्याला शिशाचा सफेता, गालांना लाली, डोळ्यांना काजळी किंवा सुरमा, आणि शेवटीं सुगंधी तेल. नीरोची राणी पॉपिया हिच्या स्नानासाठीं पांचशें गाढविणींचें दूध लागे, ही प्लिनीचीच कथा. परंतु तो राणीचा थाट झाला. घरोघरचा खर्च पाहावयाचा तर तेलांचे भाव पाहावे.

आपल्याकडील वैद्यांना जी जटामांसी म्हणून ठाऊक आहे, तिच्या तुऱ्यांचा भाव प्लिनी रोमन रत्तलाला, म्हणजे सुमारें २८ तोळ्यांना, १०० दिनारियस असा देतो. (संस्कृत ग्रंथांतील ‘दीनार’ हा शब्द याच नाण्याच्या नांवावरून आला.) त्या काळीं रोमन शिपायाचा वर्षाचा पगार २२५ दिनारियस होता. तेव्हां २८ तोळे जटामांसीसाठीं शिपायाची पांच महिन्यांहून अधिक चाकरी खर्ची पडे. हा नुसत्या मुळांचा भाव. तयार सुगंधी लेपांचा भाव ४०० दिनारियसांच्याही वर जाई, म्हणजे पावणेदोन वर्षांहून अधिक पगार! मोत्यें निदान वारसाच्या पदरीं पडतात, वस्त्रें कांहीं काळ टिकतात, अत्तर मात्र लावल्या घटकेलाच उडून जातें, आणि त्याचा सुवास लावणारीपेक्षां जवळून जाणाऱ्यालाच अधिक मिळतो, असा प्लिनीचा टोमणा आहे. त्यांत तथ्य आहे हें कबूल करावें लागतें.

हा माल येई कोठून? इ. स. च्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तांत भडोचच्या निर्यातींत जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ व हस्तिदंत यांचीं नांवें आहेत. त्याच वृत्तांत पैठण व तेर येथून गाड्यांवर माल लादून भडोचला येत असल्याचेंही वर्णन आहे. मलबारचें मुचिरी हें दुसरें मोठें बंदर. तेथून गेलेल्या ‘हर्मापोलोन’ नांवाच्या गलबताच्या मालाचा कागद १९८५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत गंगेकडील जटामांसीचीं ६० भांडीं नोंदलेलीं असून प्रत्येकाची किंमत ४५०० द्राख्मा धरली आहे. अशा मालावर रोमन सरकार शेंकडा २५ जकात घेई. म्हणजे प्लिनी ज्या खर्चाबद्दल हळहळत होता, त्याचा भरघोस वांटा त्याच्याच सम्राटाच्या पेटींत जमा होत होता.

शिवाय सारा दोष बायकांच्या माथीं मारणें न्यायाचें नाहीं, आणि याचा पुरावा खुद्द प्लिनीच्याच ग्रंथांत आहे. सणाच्या दिवशीं पलटणींच्या गरुडध्वजांनासुद्धां सुगंधी तेल चोपडीत, असें तोच सांगतो. इ. स. पूर्वी १८९ सालीं रोमच्या सेन्सॉरांनीं परदेशी सुगंधी तेलें विकण्याची बंदी केली होती. ती बंदी पुढें कोणी जुमानली नाहीं, आणि न जुमानणाऱ्यांत पुरुषही होते.

पैशाच्या हिशेबांत न बसणारें मोलही होतेंच. सफेता शिशावर आंब्लाचा संस्कार करून काढीत. तो पोटांत गेल्यास प्राणघातक, हें प्लिनी जाणतो, आणि स्त्रियांच्या गोरेपणासाठीं उपयोगी, हेंही त्याच जागीं लिहितो. शिशाच्या कारागिरांचे चेहरे पांढरेफटक पडतात, हें तर त्याच्याही आधीं व्हिट्रुव्हियसनें नोंदलें होतें. सर्वच लेप विषारी होते असें मात्र नव्हे. लंडनमध्यें साउथवर्क भागांत २००३ सालीं दुसऱ्या शतकांतील कथलाची एक डबी सांपडली. आंत मलम होतें, त्यावर बोटांच्या खुणा तशाच होत्या. तपासणींत निघालें तें प्राण्याची चरबी, पिठूळ सत्त्व व कथलाचें भस्म, शिसें नव्हे.

सर्वांत जड मोल भरलें तें दासींनीं. केशरचना करणाऱ्या दासीला ‘ऑर्नाट्रिक्स’ म्हणत. मालकिणीनें तिचें तोंड नखांनीं ओरबाडूं नये, दंडांत टांचणी खुपसूं नये, असा उपदेश ओव्हिडला काव्यांत करावा लागला. उपदेश करावा लागतो तेथें प्रघात कसा असेल हें उघड आहे. मार्शलच्या एका लघुकाव्यांत एक बट चुकीची बसली म्हणून मालकीण दासीला आरशानेंच बडवते. कायदेपंडितांना या दासीविषयीं वेगळाच प्रश्न पडला होता. मृत्युपत्रान्वयें कोणाला घरांतील ऑर्नाट्रिक्स मिळावयाच्या असतील, तर उस्तादाजवळ जेमतेम दोनच महिने शिकलेली मुलगी त्यांत धरावी कीं नाहीं? सेल्सस म्हणे, धरूं नये. इतर म्हणत, धरावी. हा वाद रोमन कायद्याच्या ‘डायजेस्ट’ संहितेंत आजही वाचावयास मिळतो. त्याच संहितेंत जकात बसणाऱ्या मालाची यादी आहे आणि तींत जटामांसी व कोष्ठ यांच्याबरोबर ‘हिंदी केस’ हीही एक बाब आहे. ते केस कोणाच्या डोक्यावरचे, हें जकातदाराला विचारण्याचें कारण नव्हतें.

इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या उद्रेकांत प्लिनी मरण पावला. त्याच उद्रेकांत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरांत १९३८ सालीं एक हस्तिदंती मूर्ति सांपडली. ती हिंदुस्थानांत घडलेली आहे. अगदीं तशाच घडणीच्या मूर्तीचा एक भाग पुढें मराठवाड्यांतील भोकरदनच्या उत्खननांत मिळाला. पाँपेईच्या मूर्तींत मध्यभागीं अलंकारांनीं मढलेली स्त्री उभी आहे. तिच्या दोन्ही बाजूंना, तिच्या कमरेएवढ्याही उंच नसलेल्या दोन दासी आहेत, आणि त्यांच्या हातांत शृंगाराचीं पात्रें आहेत.