सोलो फ्लाइट म्हणजे काय? हवेत इंजिन बंद पडले तर?
२५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील (जि. पुणे) कडबनवाडी येथे सेसना १५२ हे प्रशिक्षण विमान शेतात कोसळले. बारामतीहून निघालेली प्रशिक्षणार्थी वैमानिक विमानात एकटीच होती. ती जखमी झाली, पण बचावली.

एकटीच का?
व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तास उड्डाण लागते. त्यातील १०० तास विमानाची सूत्रे स्वतःकडे असावी लागतात. म्हणून तयारी झाली की प्रशिक्षक शेजारी न बसता विद्यार्थ्याला एकट्याने उडायला पाठवतात. यालाच ‘सोलो’ म्हणतात.

इंजिन बंद पडले तर?
विमान लगेच दगडासारखे खाली पडत नाही. सेसना १५२ ताशी सुमारे ११० किमी वेगाने तरंगत खाली येऊ शकते. घाबरून नाक वर ओढले, तर वेग घटतो आणि पंखांचा आधार सुटतो. म्हणून आधी वेग सांभाळायचा, मग मोकळी जागा हेरायची, रेडिओ त्यानंतर.